नॉरफोकच्या खतावणीतले ९ हजार पौंड गेले कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन क्रांतीत राजाच्या बाजूने राहिला म्हणून व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरातून परागंदा झालेल्या एका व्यापाऱ्यावर एक विद्यार्थिनी प्रबंध लिहिते आहे. त्याच्या खतावणीत, म्हणजे माणसागणिक हिशेबाच्या वहीत, लोकांकडून येणं निघतं ९,००० पौंड. पुढे लंडनला भरपाईसाठी केलेल्या अर्जात एकूण नुकसान ११,००० पौंड: येणं ६,७५०, घर-वखार-जागा मिळून २,३००, वखारीतला माल १,०५० आणि जहाजातला हिस्सा ९००. सरकारने मंजूर केले फक्त १,८५०. ती विचारते, यात खोटं कोण बोलतंय? आणि अशा वह्यांवर विश्वास ठेवायचा तरी किती?

माझं उत्तर: बहुधा कुणीच खोटं बोलत नाहीये. हे तीन आकडे तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मी आयुष्यभर हिशेब तपासले, त्यातली शेवटची १४ वर्षं जुन्या व्यापारी दप्तरांत गेली, आणि प्रत्येक नवा अभ्यासक याच जागी अडखळतो हे पाहत आलोय. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आधी ९,००० आणि ६,७५० चं लग्न लावून टाकू, कारण ते सोपं आहे. तुमच्या खतावणीतला पौंड हा लंडनचा पौंड नाहीच. प्रत्येक वसाहतीचा आपापला हिशेबी पौंड होता. हातात फिरणारं खरं नाणं म्हणजे स्पॅनिश चांदीचा डॉलर, आणि त्याला किती शिलिंग म्हणायचे हे प्रत्येक वसाहतीने आपल्यापुरतं ठरवलेलं. व्हर्जिनियात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ६ शिलिंग, न्यूयॉर्कमध्ये ८, आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला ५, आणि खुद्द लंडनच्या पौंडात, म्हणजे स्टर्लिंगमध्ये, साडेचार. आता २० शिलिंगांचा पौंड धरून करा हिशेब: व्हर्जिनियाचे ९,००० पौंड म्हणजे ३०,००० डॉलर. तेच ३०,००० डॉलर न्यूयॉर्कच्या वहीत १२,००० पौंड दिसतील, हॅलिफॅक्सच्या वहीत ७,५०० आणि लंडनच्या अर्जात ६,७५०. म्हणजे तुमच्या माणसाने अर्जात येण्याचा आकडा कमी दाखवला नाही की वाढवला नाही, फक्त स्टर्लिंगमध्ये बदलून लिहिला. बाजारातला दर वरखाली होत असे, म्हणून इतका चोख मेळ नेहमी बसत नाही. तुमचा बसला याचा अर्थ अर्ज लिहिताना कुणीतरी खतावणी समोर ठेवून, ठरलेल्या दराने सरळ गुणाकार-भागाकार केला आहे. हेही एक पुरावाच समजा.

यात मी स्वतः एकदा सपाटून मार खाल्लाय. न्यूयॉर्कच्या एका वहीत काही आकड्यांपुढे दोन बारीक अक्षरं होती, ती मला शाईचा डाग वाटली. तीन आठवडे बेरजा करत बसलो, ताळा काही जुळेना. तो डाग नव्हता, ‘करन्सी’ या शब्दाचं आखूड रूप होतं. म्हणजे हा आकडा स्थानिक चलनातला, आणि ज्याच्यापुढे ते नाही तो स्टर्लिंगमधला. दोन्ही एकाच स्तंभात सुखाने नांदत होते, आणि मी त्यांची बेरीज करत होतो.

आता मुख्य गाठ. येणं खरं, आकडा खरा, मग भरपाई का नाही? कारण भरपाई मंडळाने येण्याकडे पाहायचंच नाही असं ठरवलं होतं. हे मंडळ ब्रिटिश संसदेने १७८३ साली नेमलं. अर्जांची पहिली मुदत २५ मार्च १७८४ ची, ती पुढे वाढली. १७८५ च्या अखेरीस त्यातले दोन सदस्य हॅलिफॅक्सला जाऊन तिथल्या निर्वासितांच्या साक्षी घेऊ लागले. काम १७९० पर्यंत चाललं. ३,२२५ दावे तपासले गेले, त्यातल्या २,२९१ जणांना काही ना काही मिळालं, एकूण सुमारे ३० लाख पौंड. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. पण काय धरायचं आणि काय नाही याची यादी व्यापाऱ्याला मारक होती. जमीन, घर, चीजवस्तू जप्त झाली असेल तर धरायची. धंद्यातलं नुकसान नाही. समुद्रात पकडलं गेलेलं जहाज नाही. कागदी चलन घसरल्याने झालेला तोटा नाही. आपल्याच ब्रिटिश फौजेने केलेली नासधूस नाही. आणि लोकांकडचं येणं नाही.

येणं का नाही, याचं कारण कागदावर अगदी तर्कशुद्ध होतं. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाच्या चौथ्या कलमात लिहिलेलं होतं की दोन्हीकडच्या सावकारांना आपलं खरं येणं स्टर्लिंगच्या पूर्ण किमतीने वसूल करायला कायद्याची आडकाठी होणार नाही. मग सरकार म्हणालं, येणं बुडालेलं नाही, तुम्ही जा आणि वसूल करा. म्हणजे ज्या शेतमालकाची जमीन गेली त्याला पैसे मिळाले, आणि ज्याची सगळी मालमत्ता वहीत होती त्याच्या हातात तहाचं कलम ठेवलं. तुमच्या ११,००० मधून ६,७५० एका फटक्यात बाजूला झाले ते असे. जहाजाचे ९०० शत्रूच्या खासगी लढाऊ जहाजाने पकडल्यामुळे गेले असतील तर तेही बाद. मालाचे १,०५० कुणी उचलले यावर अवलंबून. बंडखोरांनी जप्त केला असेल तर निदान ऐकून घेतलं जाई, ब्रिटिश फौजेने उचलला असेल तर या मंडळाकडे दाद नाही. उरलं घर-वखार-जागा, २,३००. साक्षीदारांनी युद्धाआधीचा भाव सांगितल्यावर त्याचे १,८५० झाले असतील, तर तुमच्या माणसाला मंडळाने फार चांगलं वागवलं असंच मी म्हणेन.

पण थांबा, नॉरफोकच्या घराचं एक खास त्रांगडं आहे. ते गाव जळालं. १ जानेवारी १७७६ ला व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डन्मोर याच्या जहाजांनी बंदरावर तोफा डागल्या, उतरलेल्या शिपायांनी धक्क्याजवळच्या इमारतींना आगी लावल्या, आणि मग क्रांतिकारकांच्या फौजेने राजनिष्ठांच्या मालमत्तेवर सूड म्हणून उरलेलं गाव पेटवलं. फेब्रुवारीत जे शिल्लक होतं तेही ठरवून जाळलं. १७७७ मध्ये व्हर्जिनियाच्याच चौकशीत निघालं की जळालेल्या १,३०० हून अधिक इमारतींपैकी बहुतेक आपल्याच माणसांनी जाळल्या. हा अहवाल १८३६ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. आता भरपाईचा नियम आठवा: ब्रिटिश फौजेने केलेलं नुकसान धरत नाहीत. म्हणजे तुमच्या माणसाचं घर कुठल्या गल्लीत होतं आणि कुठल्या दिवशी जळालं यावर त्याचे पैसे ठरणार. अर्जात तो ‘बंडखोरांनी जाळलं’ असंच म्हणणार, आणि गंमत म्हणजे बऱ्याच बाबतीत ते खरंच निघतं. साक्षींमध्ये तारीख शोधा.

आता खतावणीकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे.

आपल्याकडच्या पेढीवर कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी असतात, तशाच यांच्याही तीन. दिवसभर जे घडेल ते कच्च्या वहीत, तिथून तारीखवार रोजकीर्दीत, आणि तिथून माणसागणिक खतावणीत. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. जुन्या रिवाजाच्या वह्यांत पानाच्या माथ्यावर ‘लाउस देओ’, म्हणजे देवाची स्तुती असो, असं लॅटिनमध्ये लिहिलेलं सापडतं. माझ्या आजोबांच्या भुसार पेढीच्या वह्यांवर ‘श्री’ असायचं. पहिल्यांदा ‘लाउस देओ’चं पान उघडलं तेव्हा मी काही क्षण नुसता बघत बसलो होतो.

व्हर्जिनियातल्या व्यवहाराचा कणा तंबाखू. ग्लासगोच्या पेढ्या नदीकाठी दुकानं टाकत, तिथे गुमास्ता बसवत, आणि शेतकऱ्याला वर्षभर उधारीवर माल देत. पीक आलं की तंबाखूची पिंपं जमा. एका पिंपात १,००० रत्तलांच्या आसपास माल. सरकारी वखारीत तपासून घेतलेल्या तंबाखूची पावतीच चलनासारखी हातोहात फिरे, म्हणून जमेच्या बाजूला ‘तंबाखू’ दिसला तरी दर वेळी पिंप दुकानात आलं असं समजू नका, बहुतेकदा पावतीच आलेली असते. नावेच्या बाजूला खिळे, मीठ, रम, साखर, गुलामांच्या कपड्यांसाठीचं ओस्नाबर्ग नावाचं भरड कापड. आणि मध्येच आपल्या ओळखीचे शब्द: छींट, बांधणीचे ‘बंदाना’ आणि चक्क ‘रुमाल’. इंग्रजी कारकुनाने आपल्या कानाने लिहिलेला, पण रुमालच. हिंदुस्थानातलं कापड लंडनमार्गे व्हर्जिनियातल्या दुकानात पोचत होतं आणि नाव बरोबर घेऊन जात होतं.

या वह्यांत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती सरावाने नजरेआड होते. आडनाव नसलेली माणसं, पुढे किंमत. मालाच्या यादीत, गायी-घोड्यांच्या वर किंवा खाली. तुमच्या व्यापाऱ्याच्या अर्जात गुलामांची रक्कम नाही असं तुम्ही लिहिलंय, पण खतावणीत ती माणसं असतील तर त्यांचं काय झालं हे विचारायलाच हवं. डन्मोरने ७ नोव्हेंबर १७७५ च्या जाहीरनाम्यात बंडखोरांच्या गुलामांना, ते शस्त्र घेऊन राजाकडे आले तर, स्वातंत्र्य देऊ केलं होतं. राजनिष्ठांच्या गुलामांना नाही. पण पळणारा माणूस मालकाचं राजकारण विचारून पळत नाही. १७८३ मध्ये ब्रिटिशांनी न्यूयॉर्क सोडताना जहाजांवर चढलेल्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष-मुलांची नोंदवही केली. नाव, वय, आधीचा मालक कोण, कधी सोडून आले. ती वही आणि तुमची खतावणी शेजारी शेजारी ठेवा. वखारीच्या यादीतलं एखादं नाव तिथे भेटू शकतं.

वह्या खऱ्या की मागाहून रचलेल्या, हे कसं ओळखायचं असं तुम्ही विचारलंत. पळताना माणूस सगळं नेऊ शकत नाही. बहुतेक जण खतावणी पेटीत घालत आणि कच्च्या वह्या मागे टाकत, कारण खतावणीत कुणाकडे किती हे एका नजरेत दिसतं. म्हणून एकटी खतावणी उरणं संशयास्पद नाही, ते स्वाभाविक आहे. संशय घ्या तो स्वच्छतेचा. रोज लिहिलेल्या वहीत शाई बदलते, टाक बदलतो, मधेच दुसऱ्या गुमास्त्याचं अक्षर येतं, खोडाखोड असते, आणि प्रत्येक ओळीपुढे रोजकीर्दीचा पान क्रमांक असतो. पाच वर्षांचे व्यवहार एकाच शाईत, एकाच संथ हातात, पान क्रमांकाशिवाय दिसले तर ती मूळ वही नव्हे. अर्जासाठी किंवा वकिलासाठी लंडनमध्ये बसून काढलेली नक्कल आहे. नक्कल म्हणजे खोटी नव्हे, पण नक्कल करणाऱ्याने काय गाळलं ते कधी दिसत नाही.

आणि गाळलं जातं ते बहुधा देणं. तुम्ही पूर्ण प्रश्नात एकदाही लिहिलं नाहीत की या माणसाला स्वतःला कुणाचं किती द्यायचं होतं. ९,००० येणं असलेला व्यापारी म्हणजे ९,००० चा धनी नव्हे. तो माल त्याने ग्लासगो किंवा लंडनहून उधारीवरच आणला होता, आणि परागंदा होऊन तो नेमका त्याच गावात पोचला जिथे त्याचे सावकार राहत होते. अमेरिकेत ऋणको भेटत नाहीत, इथे धनको दार सोडत नाहीत. नॉरफोकचाच नील जेमिसन, ग्लासगोच्या ग्लासफर्ड पेढीचा भागीदार, तोही असाच राजाच्या बाजूने जाऊन गाव सोडून गेला. त्याचे आणि ग्लासफर्ड पेढीचे कागद वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. तुमच्या माणसाचं नाव तिथल्या वह्यांत देणेकरी म्हणून येतं का ते आधी बघा. भागीदारी असेल तर त्याचा हिस्सा किती हेही. संपूर्ण पेढीचं येणं स्वतःचं म्हणून दाखवणं ही या अर्जांतली सर्वांत सामान्य चलाखी आहे, आणि तिच्यात बदमाशीपेक्षा सवय जास्त.

आता ते ६,७५० पुढे कुठे गेले, हा भाग तुमच्या प्रबंधात नाही, पण असायला हवा. १७७८ च्या जानेवारीत व्हर्जिनियाने कायदा केला की ब्रिटिश सावकाराचं देणं राज्याच्या कर्ज कचेरीत कागदी चलनात भरा, दाखला घ्या, देणं फिटलं. आणि कागदाची किंमत काय? राज्याच्याच पुढच्या तक्त्यानुसार एका चांदीच्या डॉलरला जानेवारी १७८० मध्ये ४२ कागदी, एप्रिलमध्ये ६०, डिसेंबर १७८१ मध्ये १,०००. (यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला त्या ऑक्टोबरात ७००. हाच कॉर्नवॉलिस १७९२ मध्ये मराठे आणि निजामाला सोबत घेऊन श्रीरंगपट्टणपुढे उभा होता.) हिल्टन नावाच्या ऋणकोने २६ एप्रिल १७८० ला ब्रिस्टलच्या एका पेढीच्या कर्जरोख्यापोटी कर्ज कचेरीत ३,१११ डॉलर भरले. चांदीत मोजले तर ५२ च्या आसपास. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऋणकोंच्या बाजूने उभा होता जॉन मार्शल, जो पुढे त्याच न्यायालयाचा सरन्यायाधीश झाला. तो हरला. १७९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की तह राज्याच्या कायद्याच्या वर आहे, दाखला असला तरी देणं उभंच.

म्हणून व्यापाऱ्याच्या खतावणीत ‘बाकी’ आणि ऋणकोच्या घरी ‘फिटलं’चा दाखला, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. तुमच्या खतावणीतली नावं घेऊन व्हर्जिनियाच्या कर्ज कचेरीच्या नोंदी धुंडाळा. व्याजाचंही तसंच. सालीना ५ टक्के धरलं तर युद्धाच्या ८ वर्षांचं व्याजच मुद्दलाच्या ४० टक्के होतं, आणि अमेरिकन ज्युरी ते व्याज सरसकट कापून टाकत. व्यापारी मात्र ते लावतच राहतो. तेव्हा १७८३ नंतरची बाकी दिसली की आधी मुद्दल वेगळं काढा.

शेवटी सरकारं आपसात बोलली. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १७९४ च्या ‘जे’ नावाच्या तहाने या कर्जांसाठी वेगळं मंडळ बसवलं, ते भांडणात बंद पडलं, आणि १८०२ च्या करारात अमेरिकेने एकरकमी ६ लाख पौंड देऊन विषय मिटवला. त्यातून लंडनमध्ये वाटप सुरू झालं. त्यासाठी व्हर्जिनियात माणसं पाठवून एकेका ऋणकोची चौकशी केली गेली: १७७५ ला ऐपत होती का, आता कुठे आहे. हे अहवाल लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘टी ७९’ या मालिकेत आहेत. भरपाईचे अर्ज ‘ए.ओ. १२’ आणि ‘ए.ओ. १३’ मध्ये. बहुतेक अभ्यासक ए.ओ. बघून परत येतात. व्यापाऱ्याचा खरा शेवट टी ७९ मध्ये असतो. तिथे एकेका नावापुढे दोन-तीन ओळी: वारला, इस्टेट नाही. दिवाळं निघालं. ऐपतदार होता, मागितले असते तर दिले असते. आणि पुन्हा पुन्हा येणारा शेरा, केंटकीला गेला, म्हणजे पश्चिमेकडे निघून गेला.

आणखी एक बारीकशी गोष्ट. बायको मागे राहिली होती का? मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा राजनिष्ठ सॅम्युअल कर्वेन १७७५ मध्ये इंग्लंडला निघून गेला आणि १७८४ ला परतला, बायको तेवढी वर्षं सेलमलाच. अशा घरांत बायकोच्या हाताने काही वसुली होते, आणि ती नवऱ्याच्या वहीत कधीच चढत नाही.

तूर्त एवढं करा. मला खतावणीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा, नावांच्या सूचीचा आणि शेवटच्या लिहिलेल्या दोन पानांचा फोटो पाठवा, रंगीत आणि उजेडात काढलेला. समासात दुसऱ्या शाईने काही टिपलं असेल, एखादी फुली, ‘संशयित’, ‘बुडीत’ असला शेरा, तर तो मला आकड्यांपेक्षा जास्त हवाय. त्या शाईवरून तो समास लंडनला बसून लिहिला की जहाजात बसण्यापूर्वी, हे बहुधा सांगता येईल.